गटार घाण राहू द्या!

डोळे मिटा पाहू. मिटलेत? तो कोण एक डोळा किलकिला करून बघतोय? हं, आता ठीक.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही एका तिठ्यावर उभे आहात. तीन बाजूंनी तीन गल्ल्या येऊन तिथे मिळतात. डावीकडून रंधा मारल्याची खर्रखर्र ऐकू येते, ती सुतारगल्ली. उजवीकडे भाजीवाल्यांचा आरडाओरडा, ती बाजारगल्ली. समोर चढ आहे आणि चढाच्या टोकाला उंच पाण्याची टाकी, म्हणून ती टाकीगल्ली. तुमच्या पायाखाली एक गोल लोखंडी झाकण आहे. त्याच्याखालून पाणी वाहतंय. तिन्ही गल्ल्यांतल्या घरांनी सकाळपासून जे जे धुतलं, विसळलं, खंगाळलं, आणि हो, तेही, ते सगळं तुमच्या पायाखालून चाललंय. एवढ्यात नाक दाबू नका. या गोष्टीत अशी झाकणं बऱ्याचदा उघडायची आहेत.

या तिठ्याला लागून, सुतारगल्लीच्या पहिल्याच घरात भिंगरी राहायची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, बाकी सगळीकडे ती भिंगरीच. तिला एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. तिचे बाबा सुतार. ते म्हणायचे, "हिला खुर्चीला खिळ्यांनी ठोकली तर ही खुर्चीसकट पळेल." घरात आई होती, बोबडं बोलणारा धाकटा गोट्या होता, आणि बाबांची बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या होती. आत्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत काम करायची. कुणाचं रक्त, कुणाची थुंकी, कुणाचं आणखी काय काय काचेखाली धरून रोग ओळखायचा, हे तिचं काम. भिंगरीला त्या खोलीत पाऊल टाकायची मनाई होती. पण खोलीला एक खिडकी होती, खिडकीबाहेर एक पालथं टोपलं होतं, आणि टोपल्यावर चढायला कुणी मनाई केली नव्हती.

त्या वर्षी कॉलरा फिरत होता. जुनी माणसं त्याला पटकी म्हणत. एका गावात किंवा एका देशात नव्हे, एकाच वेळी कितीतरी देशांत तो हिंडत होता. त्याच्यावर लस होती, तोंडाने प्यायची, एवढ्याशा बाटलीतली. पण ताटं दहा आणि जेवणारे शंभर, अशी गत होती. लस बनायची थोडी आणि मागणारे सगळे.

एके दिवशी भांडी विकणारा फेरीवाला आपल्याच हातगाडीवर आडवा होऊन दवाखान्यात आला. गाडी ढकलत होता त्याचा भाऊ. फेरीवाल्याचे डोळे खोल गेले होते, कातडी सुरकुतली होती आणि पोटातलं पाणी थांबता थांबत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर एकच, आपल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी त्याला मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजायला सांगितलं. दिवसभर त्याचा भाऊ आणि आत्या आळीपाळीने पाजत राहिले. संध्याकाळी फेरीवाला उठून बसला आणि म्हणाला, "माझी पितळी घागर कुणी हलवली?"

"आला माणसांत!" आत्या हसली.

पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दादा, गेल्या दोन-तीन दिवसांत पाणी कुठं कुठं प्यायलात?"

"बाई, कुठं नाही प्यायलो ते विचारा! ऊन काय पडतंय! टाकीगल्लीत प्यायलो, बाजारात प्यायलो, सुतारगल्लीत तर तांब्या भरून दोनदा प्यायलो. कुणी नाही म्हटलं नाही, माणसं चांगली आहेत तुमच्याकडची."

आता अडचण कळली का? कॉलरा वस्तीत शिरलेला होता, पण कुठल्या गल्लीत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण या रोगाची एक खोड आहे. तो शिरतो पुष्कळांच्या पोटात, पण आडवं पाडतो थोड्यांना. बाकीच्यांना वाटतं, जरा पोट बिघडलंय, होईल बरं. आणि ते बरे होतातही. पण तोवर त्यांच्या पोटातले जंतू गटारात जातात, गटारातून कुठल्यातरी फटीतून पाण्यात जातात, आणि मग एका सकाळी अख्खी वस्ती आडवी.

त्याच संध्याकाळी वरच्या साहेबांचा फोन आला. लसीचं एक खोकं मिळेल. एकाच गल्लीला पुरेल एवढंच. गाडी फिरतीवर आहे. कुठली गल्ली ते तीन दिवसांत नक्की सांगा, नाहीतर ती पुढच्या गावाला जाईल.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. तिठ्यावर माणसं जमली.

"आमच्याच गल्लीत द्या," भाजीवाली म्हणाली. "बाजारात चार गावची माणसं येतात."

"आणि आमच्या गल्लीत काय झाडं राहतात?" बाबा म्हणाले. "तो तांब्या भरून दोनदा प्यायलाय आमच्याकडे!"

"म्हणजे रोग तुमच्याकडे आहे म्हणता?"

"रोग नाही हो! रोग कशाला असेल आमच्याकडे!"

"रोग नको, पण लस हवी. वा रे वा!" कुणीतरी म्हणालं आणि भांडण हशात बुडालं. पण घरी गेल्यावर बाबांनी गोट्याला मांडीवर घेतलं आणि ते बराच वेळ गप्प बसून राहिले. भिंगरीने ते पाहिलं. बाबा गप्प बसणं ही त्यांच्या घरात रोजची गोष्ट नव्हती.

"आत्या," तिने विचारलं, "सगळ्यांनाच विचारलं तर? कुणाचं पोट बिघडलंय म्हणून?"

"विचारलं ना आज. सगळ्यांची पोटं ठणठणीत आहेत म्हणे. माणसं लाजतात गं, विसरतात, घाबरतात." आत्या एकदम थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "पण गटार लाजत नाही! गटाराला विचारू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने जखमेवर बांधायची जाळीदार पट्टी घेतली, घड्या घालून तिचे तीन गोळे केले आणि प्रत्येकाला लांब दोरी बांधली. "हे आपले मासे पकडायचे गळ," ती म्हणाली. "गटारात लोंबकळत सोडायचे. रात्रभर पाणी त्यांच्यातून जाईल, आणि जंतू असले तर जाळीत अडकतील. बाटलीभर पाणी उचललं तर त्यात सापडतील किंवा नाहीही सापडणार. पण गोळा रात्रभर पहारा देतो. जुनी युक्ती आहे. पट्टी आणि दोरी, बस्स. महागडं यंत्रबिंत्र नको."

"पण तिन्ही गोळे सारखेच दिसतात. मग कुठला कुठला ते कसं कळणार?"

"तू सांग."

भिंगरी घरात पळाली आणि चिंध्यांच्या गाठोड्यातून तीन चिंध्या घेऊन आली. तिच्या लहानपणच्या झग्याची लाल, आईच्या जुन्या परकराची हिरवी आणि बाबांच्या सदऱ्याची निळी. लाल टाकीगल्लीची, हिरवी सुतारगल्लीची, निळी बाजारगल्लीची. आत्याने त्या गोळ्यांच्या अगदी जवळ दोरीला बांधल्या.

झाकणं उघडायला मुकादम आले. वस्तीतली सगळी गटारं त्यांच्या ताब्यात. भारदस्त मिशा, खांद्यावर पहार, आणि आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जावा. कामाची गडबड होती म्हणून आत्याने त्यांना आदल्या संध्याकाळी एवढाच निरोप पाठवला होता: "उद्या दवाखान्याची माणसं गटारं बघायला येणार आहेत."

हा निरोप लक्षात ठेवा बरं.

"या, या!" मुकादम म्हणाले. "बघा काय बघायचं ते!"

तिन्ही गल्ल्यांची गटारं तिठ्याच्या जरा अलीकडे एकेका झाकणाखाली दिसायची. आत्याने रबरी हातमोजे घातले. भिंगरीला सहा हात दूर उभं केलं होतं. "गटाराला हात लावलास तर तुझी माझी कट्टी, जन्माची," आत्याने बजावलं होतं. भिंगरीचं काम दुरून ओरडायचं.

"टाकी! लाल!"

"लाल सोडला."

"सुतार! हिरवा!"

"सोडला."

"बाजार! निळा!"

आणि तीन गळ पाण्यात उतरले.

त्या रात्री भिंगरी झोपेतसुद्धा लाथा झाडत होती, असं आई म्हणते. दुसऱ्या दिवशी गोळे वर आले. आत्याने ते बाटल्यांत घातले, बाटल्यांतल्या खारट रश्श्यासारख्या पाण्यात, म्हणजे जंतूंना जेवायला मिळून ते वाढावेत. मग त्यातला एकेक थेंब हिरव्या थराच्या काचेच्या बशीवर पसरवला. "उद्या सकाळी या हिरव्यावर पिवळे ठिपके उगवले," आत्या म्हणाली, "तर चोर सापडला."

सकाळी भिंगरी टोपल्यावर चढून खिडकीला नाक लावून उभी होती. आत्याने पहिली बशी उघडली. कोरी. दुसरी. कोरी. तिसरी हातात धरून तिने उजेडात फिरवली. तीही कोरी. पिवळा काय, कुठल्याच रंगाचा ठिपका नाही.

"चांगलंच झालं की," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज काही खुश नव्हता. "याचा अर्थ आपल्याकडे नाही. फेरीवाल्याने बाहेरगावाहून आणला असणार. मग खोकं अडवून ठेवणं बरं नाही. दुसऱ्या कुणाला तरी त्याची गरज असेल. मी साहेबांना फोन करते."

"आत्या," खिडकीतून भिंगरी म्हणाली.

"थांब गं जरा."

"आत्या, माझी चिंधी फिकी कशी पडली?"

"कसली चिंधी?"

"लाल चिंधी. काल वर काढलीस तेव्हा गुलाबी झाली होती. आणि हिरवी तर पांढरीच. मी तेव्हाच म्हणणार होते, पण तू म्हणालीस मधे बोलू नकोस."

"रंग कच्चा असेल."

"कच्चा?" भिंगरी टोपल्यावरून पडता पडता वाचली. तिचा अपमान झाला होता. "तो झगा मी घातला, मग मामेबहिणीने घातला, मग परत आला आणि गोट्याची दुपटी झाली! कितीदा धुतला! आई उकळत्या पाण्यात टाकते! तो कधी विटला नाही, आणि एका रात्रीत विटला?"

आत्याच्या हातातली बशी तशीच राहिली. "आणि वास?" तिने हळूच विचारलं. "तू दूर होतीस, पण तुला वास आला होता?"

भिंगरीने आठवून पाहिलं. "गटाराचा नाही आला. दवाखान्याची फरशी पुसतात ना, तसा आला."

"बाई!" आत्या एवढ्याने ओरडली की डॉक्टरीणबाईंच्या हातातून फोनच निसटला. "फोन करू नका! आधी मुकादमांना बोलवा!"

मुकादम आले ते छाती पुढे काढूनच.

"मुकादम, आम्ही यायच्या आधी गटारात काही टाकलं होतंत का?"

"टाकलं होतंत का म्हणजे? ताई, बघायला माणसं येणार म्हटल्यावर मी गप्प बसेन? पहाटेपासून माझी माणसं राबत होती. पोतीच्या पोती ब्लीचिंग पावडर ओतली! आणि तुम्ही गोळे सोडून गेलात, तर म्हटलं, रात्रीतून घाण साचली तर आपली इज्जत जायची. म्हणून संध्याकाळी परत ओतली!" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या खात्याची रीतच आहे. साहेब येणार, की पावडर. लिहून ठेवलेली नाही कुठं, पण चुकत नाही कधी."

आत्या मटकन खुर्चीत बसली. मग तिला हसू आलं. मग डॉक्टरीणबाईंना आलं. मुकादमांना काही समजेना.

"अहो, त्या पावडरीने जंतू मरतात," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आम्ही चोर पकडायला जाळं लावलं, आणि तुम्ही चोरालाच जाळ्याजवळ मारून टाकलंत. पण तो फक्त तिथलाच हो. वर घरांत आहेत ते तसेच आहेत. ती पावडर प्यायच्या पाण्यात हवी, थेंब थेंब, मापात. गटारात पोतंभर नको."

मुकादमांचा चेहरा उतरला. "आजवर गटार घाण ठेवलं म्हणून बोलणी खाल्ली," ते म्हणाले. "स्वच्छ केलं म्हणून बोलणी खायची ही पहिलीच वेळ."

"बोलणी नाहीत हो काका," भिंगरी खिडकीतून म्हणाली. "फक्त आता घाण करा."

डॉक्टरीणबाईंनी फोन लावला. खिडकीबाहेर भिंगरीला त्यांची एकच बाजू ऐकू येत होती. "साहेब, आणखी दोन दिवस... नाही, खात्री नाही, म्हणूनच मागतेय... हो, चूक आमचीच, आम्ही नीट सांगितलं नाही... परवा दुपार? चालेल! परवा दुपारी मी तुम्हाला गल्लीचं नाव सांगते. नाही सांगितलं तर गाडी पुढे न्या, मी तोंड उघडणार नाही."

परवा दुपार! म्हणजे गोळे आत्ताच सोडायला हवेत, उद्या काढायला हवेत, आणि परवा सकाळी बश्या बघायला हव्यात. एक जरी बादली पावडरीची किंवा फिनेलची आत गेली, तर सगळं मुसळ केरात. आणि वस्तीत तर बातमी पसरली होती, की गटारांची तपासणी चालू आहे. त्यामुळे जो तो हातात बादली घेऊन तयार!

मुकादमांनी माणसांकरवी आधी गटारांत भरपूर साधं पाणी सोडून पावडर वाहवून लावली. मग ते बाजारगल्लीत गेले आणि आपल्या त्या आवाजात ओरडू लागले, "गटार धुऊ नका! पावडर टाकू नका! घाण राहू द्या!" भाजीवाल्यांना वाटलं, मुकादमांना ऊन लागलं. बाबांनी सुतारगल्ली सांभाळली. आणि टाकीगल्लीच्या चढावर कोण पळणार? तुम्हीच सांगा.

भिंगरी चढावर पळत सुटली. प्रत्येक दारात तेच.

"आजोबा, आज गटारात काही ओतू नका!"

"मावशी, न्हाणीघर आज घासू नका, उद्या घासा!"

"अगं, आमची काय तपासणी आहे म्हणतात ना?"

"तपासणी आहे म्हणूनच!"

चढाच्या मध्यावर एक शिंपीणकाकू राहायच्या. स्वच्छतेची त्यांना एवढी हौस, की त्यांच्या दारात चप्पलसुद्धा पाय धुऊन आत येते, असं लोक म्हणत. भिंगरी पोचली तेव्हा काकू फिनेलची बादली गटारावर तिरकी करतच होत्या.

"काकू, थांबा!"

भिंगरीने दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरला.

"सोड! काय गं हे? कुणाची तू?"

"सुतारांची! काकू, गटार घाण राहू द्या! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय! फक्त उद्यापर्यंत!"

काकूंनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं. "सगळं आयुष्य मला कुणी ना कुणी सांगत आलंय, स्वच्छ ठेव, स्वच्छ ठेव. घाण ठेव म्हणून सांगणारी तू पहिलीच." पण त्यांनी बादली सरळ केली. "उद्यापर्यंतच हं. परवा मी दुप्पट ओतणार."

"परवा तिप्पट ओता!" भिंगरी ओरडली आणि पुढच्या दाराकडे धावली.

गळ पुन्हा सोडले. नव्या चिंध्या, तेच रंग. या खेपेला मुकादमांनी तिन्ही झाकणांवर पहारेकरी बसवले. एका झाकणावर स्वतः मुकादम खुर्ची टाकून बसले होते. कुणी बादली घेऊन आलं की ते नुसत्या मिशा हलवायचे, आणि बादली परत जायची.

दुसऱ्या दिवशी चिंध्या वर आल्या. काळ्या, ओल्या, वास असा की आत्यानेही तोंड फिरवलं. पण लाल ती लाल, हिरवी ती हिरवी, निळी ती निळी!

"किती छान घाण आहे!" भिंगरी सहा हातांवरून नाचत म्हणाली.

आणि मग परवाची सकाळ उजाडली. आज टोपल्यावर जागा पुरेना. भिंगरी होती, बाबा टाचा उंचावून उभे होते, मुकादम मागून सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होते. आत, आत्याने निळ्या चिंधीची बशी उघडली.

हिरव्यावर काही बारीक हिरवे ठिपके. पिवळा एकही नाही. "बाजारात नाही."

मग हिरव्या चिंधीची. ही त्यांची गल्ली. असावं की नसावं? असलं तर गोट्याला लस. असलं तर रोगही. तिला ठरवताच येईना.

"सुतारगल्लीत नाही."

बाबांनी श्वास सोडला. सुटकेचा होता की निराशेचा, त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिसरी बशी. आत्या बघतच राहिली. मग तिने बशी खिडकीकडे वळवली. हिरव्या थरावर पिवळे, चपटे, चकचकीत ठिपके. एक नव्हे, दोन नव्हे, जणू कुणी रव्याचे दाणे हळदीत लोळवून पसरले होते.

"टाकीगल्ली!" भिंगरी किंचाळली.

"थांब. पिवळं दिसलं म्हणजे लगेच तेच, असं नाही." आत्याने एका काचपट्टीवर औषधाचा थेंब ठेवला, तारेच्या टोकाने एक पिवळा ठिपका उचलून त्यात कालवला. "आता ही तार मी वर उचलते. पाकाला कशी तार येते, तशी याला आली, तर संशय पक्का. बघा हं."

आत्याचा हात वर गेला. थेंबातून एक बारीक, चमकता धागा निघाला. लांबला. आणखी लांबला. तुटेचना!

"तार आली!" मुकादमांचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे गेला. "तार आली! तार आली!"

आत डॉक्टरीणबाई फोनवर होत्या. "साहेब? टाकीगल्ली. हो, टा-की. पाठवा गाडी!" फोन ठेवून त्या खिडकीशी आल्या. "मुकादम, टाकीकडून येणारी पाण्याची नळी टाकीगल्लीत गटाराच्या किती जवळून जाते?"

मुकादमांचं हसू मावळलं. "चिकटूनच जाते, बाई. आणि जुनी आहे. पाणी बंद झालं, की रिकामी नळी फटीतून बाहेरचं आत ओढते."

"आणि तीच नळी पुढे सगळ्यांकडे जाते. म्हणजे आज जे वरच्या गटारात आहे, ते उद्या सगळ्यांच्या हंड्यात. तुम्ही नळी खणायला घ्या. हंड्यांत औषधाचे थेंब आजपासून घालायचेच. पण नळी दुरुस्त व्हायला वेळ लागेल. तोवर टाकीगल्लीतल्या सगळ्यांनी लस प्यायलाच हवी. सगळ्यांनी."

गाडी आली. खोकं उतरलं. डॉक्टरीणबाई, आत्या आणि खोकं अशी मिरवणूक चढावर निघाली, मागे भिंगरी. आणि टाकीगल्लीत शिरल्यावर काय दिसलं?

सगळी दारं बंद.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. दुसरं वाजवलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. बातमी त्यांच्या आधी चढावर पोचली होती: टाकीगल्लीत कॉलरा सापडला. खालच्या बाजारात दोन बायकांनी टाकीगल्लीच्या माणसांपासून पदर सावरून घेतला होता म्हणे. गल्लीला राग आला होता, लाज वाटली होती. लस प्यायची म्हणजे, हो, आम्हीच घाणेरडे, असं कबूल करायचं. कोण करील?

गाडीवाला घड्याळ बघत म्हणाला, "बाई, मला दिवस मावळायच्या आत निघायचंय. इथं नको असेल तर पुढच्या गावाला लोक रांग लावून बसलेत."

डॉक्टरीणबाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहून बोलल्या. रोग कसा असतो, लस कशी असते, सगळं नीट सांगितलं. बंद दारं ऐकत होती, पण हलत नव्हती. शेवटी शिंपीणकाकूंची खिडकी उघडली.

"डॉक्टरीणबाई," काकू म्हणाल्या, "माझ्या घरात बोटभर धूळ सापडणार नाही. आणि तुम्ही म्हणता कॉलरा आमच्याकडे. आमच्या गल्लीकडे बोट दाखवता? घेऊन जा तुमचं खोकं. द्या ज्यांना हवंय त्यांना."

भिंगरीला एकदम खालचं घर आठवलं. बाबांच्या मांडीवरचा गोट्या आठवला. "ज्यांना हवंय त्यांना." आता एवढं म्हणायचं, की काकू, आम्हाला हवंय, आणि कदाचित खोकं खालीही आलं असतं. तिने तोंड उघडलं. पण नळी तर इथून खाली जाते, गटाराला चिकटून. गोट्याने एकट्याने लस पिऊन काय होणार?

ती खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"काकू, मी सुतारांची."

"ओळखलं. बादलीवाली."

"आमच्या गल्लीला लस नाही, काकू. एकच खोकं आहे. मला नाही, गोट्याला नाही, आईला नाही, बाजारगल्लीत कुणालाच नाही."

"मग?"

"मग तुमच्यावरच आहे सगळं. पाणी तुमच्या दारावरून खाली येतं. तुम्ही लस घेतली तर रोग इथंच अडेल. नाही घेतली तर आमच्या हंड्यात येईल. आम्ही खाली बसून वाट बघण्यापलीकडे काय करणार? तुम्ही वर आहात. तुम्हीच अडवू शकता." तिला धाप लागली होती. "गोट्या खूप लहान आहे, काकू. त्याला तर अजून नीट 'पाणी'सुद्धा म्हणता येत नाही. 'पापी' म्हणतो."

काकू खिडकीतून नाहीशा झाल्या. मग आतून कडी निघाल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं.

"बोट दाखवायला आलात असं वाटलं," काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "मदत मागायला आलात, असं आधी म्हणायचं की!" आणि भिंगरीकडे वळून, "कशी लागते गं चवीला?"

"मला काय माहीत?" भिंगरी म्हणाली. "मला मिळालीच कुठे!"

काकू हसल्या. मग त्यांनी आत्याच्या हातातून बाटली घेतली, मान मागे टाकली आणि घटकन रिकामी केली. तोंड असं वाकडं झालं की गाडीवालासुद्धा हसला. "श्शी! काय घाण लागते! अगं ए, समोरची, ऐकतेस ना आतून? दार उघड! उघड गं, खालच्या लेकरांसाठी एवढंही नाही का होणार तुझ्याच्याने?"

समोरची कडी वाजली. दार जरासं किलकिलं झालं, एक डोकं बाहेर आलं, आणि मागून आणखी एक. आत्या खोकं उघडायला बसली.

भिंगरी मात्र ते बघायला थांबलीच नव्हती. ती चढावर पुढच्या दारापाशी पोचली होती, आणि दोन्ही हातांनी कडी वाजवत होती.